इंदोरात पहिला डीएसएलआर: कॅनन १५००डी, २००डी मार्क टू, निकॉन डी३५००, डी५६०० की जुना डी७२००?

कॅनन घेऊ की निकॉन, असं कुणी विचारलं की मी आधी त्यांनाच विचारतो, कशाचे फोटो काढणार आहात? सराफा बाजारातली ठेल्यांची रात्र, सिरपूर तलावावरचे पक्षी, घरातली पोरं आणि मुंजी-बारशी, का रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक? ह्या चारही गोष्टींना कॅमेऱ्याकडून लागतं ते वेगवेगळं, आणि पहिला कॅमेरा घेणारा माणूस नेमका मेगापिक्सेलमध्ये अडकतो. खाली नव्यानं शिकणाऱ्यांच्या ज्या चार बॉड्या (बॉडी म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा) आहेत त्या सगळ्या २४ मेगापिक्सेलच्याच आहेत, म्हणजे तो मुद्दा तिथंच संपला. जुना डी७२०० पण २४चाच.

मिररलेसच, म्हणजे डीएसएलआरमधला आरसा काढून टाकलेला कॅमेराच घ्या असं सगळे सांगतायत, आणि पैसे असतील तर जरूर घ्या. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०२० नंतर नवी डीएसएलआर बॉडी काढलेली नाही हे खरं. पण त्यामुळेच जुन्या बाजारात चांगल्या बॉड्या आणि लेन्सा स्वस्तात यायला लागल्यात, आणि शिकणाऱ्यासाठी ह्याच्याइतकी चांगली वेळ मला तरी आठवत नाही. बॅटरी दिवसभर पुरते, व्ह्यूफाइंडरमधून समोरचं खरं दिसतं, आणि उरलेल्या पैशात एक चांगली लेन्स येते. ही लेन्सची गोष्ट डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आधी ह्या चारातले स्वस्त दोन, कॅनन १५००डी आणि निकॉन डी३५००. दोन्ही २०१८चे. १५००डी दुकानात सहज दिसतो म्हणून लोक तोच उचलतात, पण कागदावर आणि हातात दोन्हीकडे डी३५०० पुढे आहे. तो सेकंदाला पाच फोटो काढतो, १५००डी तीन. एका चार्जमध्ये डी३५००चे कंपनीच्या हिशोबानं १५५० फोटो निघतात, १५००डीचे ५००. वजन ४१५ ग्रॅम, १५००डी ४७५. शिवाय रॉमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढून सावलीचा भाग नंतर उजळायला गेलं की निकॉनचा फोटो कमी किरकिरतो, कॅननच्या त्या जुन्या सेन्सरमध्ये अंधारात रंगीत दाणे आणि पट्टे लवकर दिसायला लागतात. राजवाड्याचा रात्रीचा फोटो काढून बघा, खालचे तीन मजले दगडाचे, त्यांच्यावर उजेड चांगला पडतो, वरचे चार लाकडाचे ते काळे पडतात, आणि तिथलं काम उघडून दाखवायचं म्हटलं की हा फरक लगेच कळतो. डी३५००च्या अडचणी दोनच पण मोठ्या, बाहेरचा माइक लावायला भोक नाही आणि वायरचा रिमोटपण जोडता येत नाही, ट्रायपॉडवर असला की सेल्फ टायमरवर नाहीतर मोबाइलच्या ॲपवर भागवावं लागतं. १५००डीला वायरचा रिमोट जोडता येतो, माइक त्यालाही नाही.

आता कॅननची एक गोष्ट जी दुकानदार सहसा सांगत नाही. १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू ह्या तिन्हींच्या वर जो फ्लॅशचा खाचा असतो त्यात मधली पिनच नाहीये. म्हणजे कुठलाही स्वस्त फ्लॅश किंवा साधा रेडिओ ट्रिगर (फ्लॅश दुरून पेटवणारं यंत्र) वर सरकवला आणि बटण दाबलं तर तो पेटतच नाही, त्याला कॅननची भाषा समजणारा टीटीएलवाला, म्हणजे उजेड आपोआप ठरवणारा फ्लॅश लागतो. घरच्या कार्यक्रमात फ्लॅश वापरायचा विचार असेल तर ज्या फ्लॅशवर नजर आहे तो त्याच बॉडीवर लावून, पेटवून, मग पैसे द्या. निकॉनच्या ह्या सगळ्या बॉड्यांवर मधली पिन आहे. आणि ३०००डीचं नाव निघालंच आहे तर, १८ मेगापिक्सेल, लेन्स बसते ती जागासुद्धा प्लास्टिकची, चष्म्याच्या नंबराप्रमाणे व्ह्यूफाइंडर फिरवायची सोय नाही. तो घेऊ नका.

खरी लढत आहे ती कॅनन २००डी मार्क टू आणि निकॉन डी५६०० मध्ये, आणि इथं मी सगळ्यांना एकच उत्तर देऊ शकत नाही. दोघांचे स्क्रीन बाहेर येऊन फिरतात, दोघांना टच आहे, दोघांना माइकचं भोक आहे, दोघंही सेकंदाला पाच फोटो. २००डी मार्क टू २०१९चा, डी५६०० २०१६चा. पण वापरायला ते अगदी वेगळे आहेत. २००डी मार्क टूचा जीव स्क्रीनमध्ये आहे. स्क्रीनवर बघून फोटो काढताना कॅननचं ड्युअल पिक्सेल फोकस इतकं चटकन आणि गुपचूप लागतं की रांगणाऱ्या पोराच्या मागं खाली जमिनीजवळ कॅमेरा धरून, स्क्रीन वर वळवून, चेहऱ्यावर बोट ठेवलं की झालं. डी५६०० वर हेच करायला जा, स्क्रीनवर फोकस पुढं-मागं हलत बसतं आणि तोवर पोरगं सोफ्याखाली. व्हिडिओला तर तुलनाच नको. फक्त ४के बघून भुलू नका, २००डी मार्क टू मध्ये ४के लावलं की कडा कापल्या जातात आणि ते ड्युअल पिक्सेल फोकसही बंद होतं, साध्या फुल एचडीतच ह्याची मजा आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड मिलांच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) निघतात, त्यांचा व्हिडिओ करायचा असेल तर मी डोळे मिटून २००डी मार्क टू म्हणेन.

डी५६००चा जीव व्ह्यूफाइंडरमध्ये आहे. डोळा लावून फोटो काढायची सवय लावून घेणारा माणूस असेल तर त्याला ३९ फोकस पॉइंट मिळतात, त्यातले ९ क्रॉस टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेघांवर फोकस पकडणारे. २००डी मार्क टूला एकूणच ९ पॉइंट, आणि क्रॉस फक्त मधला. आता हे कागदी वाटतं, पण राजवाड्याच्या चौकात गर्दीतला एक चेहरा डाव्या कोपऱ्यात ठेवून फोटो घ्यायचाय असं समजा. २००डी मार्क टू वर मधल्या पॉइंटनं फोकस धरायचं, बटण अर्धं दाबून ठेवायचं, कॅमेरा फिरवायचा, तोवर तो माणूस वळलेला असतो. डी५६०० वर पॉइंटच त्या चेहऱ्यापर्यंत नेता येतो. शिवाय ठराविक वेळानं आपोआप फोटो काढत राहायची सोय आत आहे, पाताळपाणीच्या धबधब्यावर पावसाळ्यातले ढग सरकताना टिपायचे असतील तर वेगळं यंत्र घ्यावं लागत नाही.

म्हणून माझं मत असं, घरचे फोटो आणि व्हिडिओ जास्त असतील तर २००डी मार्क टू, रस्त्यावर उतरून फोटोग्राफी शिकायची असेल तर डी५६००, मग तो जुना मिळाला तरी.

पण थांबा, सराफ्याचं बाकी आहे. तिथं बॉडीपेक्षा लेन्स जास्त बोलते. दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्यांच्यासमोर खाण्याचे ठेले लागतात, थंडीत गराडूवाला (गराडू म्हणजे तळून खायचा एक कंद) झाऱ्यानं तुकडे वर काढतो, वाफ उठते, डोक्यावर एक पिवळा बल्ब आणि शेजारच्या ठेल्याचा पांढरा एलईडी. तिथं किटची, म्हणजे बॉडीसोबत येणारी १८-५५ लेन्स ५५ला नेली की एफ/५.६ च्या खाली उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), मग आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदना, ६४००ला न्यावा लागतो आणि माणसाची कातडी मेणासारखी दिसते. तिथंच एफ/१.८ची लेन्स लावा, जवळजवळ दहापट उजेड आत येतो, तोच फोटो आयएसओ ६४०च्या आसपास निघतो आणि वाफेचा एकेक धागा दिसतो. ह्यापुढं महागड्या बॉडीचा फरक फिका आहे.

आता बहुतेक जण ५० एमएम एफ/१.८ घ्या म्हणतात. ती पोर्ट्रेटला झकास आहे पण ह्या लहान सेन्सरच्या बॉड्यांवर ती कॅननला ८० आणि निकॉनला ७५ एमएमसारखी वागते, आणि सराफ्यात मागं सरकायला जागा असते कुठं, मागच्याच्या दहीवड्यात पाय जायचा. गल्लीसाठी निकॉनची ३५ एमएम एफ/१.८ डीएक्स (लहान सेन्सरसाठीची) फार कामाची, ५२सारखी दिसते आणि किंमत आवाक्यात. कॅननकडे त्या भावात तशी लेन्स नाही, त्यांची २४ एमएम एफ/२.८ पातळशी सुंदर आहे पण उजेड कमी घेते. माझ्यासाठी निकॉनकडे झुकायचं हे एक सबळ कारण आहे.

कॅननच्या बाजूनंही एक तितकंच सबळ. कॅननची स्वतःची ईएफ माउंटची (माउंट म्हणजे लेन्स बसते ती जागा) कुठलीही जुनी ऑटोफोकस लेन्स कॅननच्या कुठल्याही ह्या बॉडीवर ऑटोफोकस करते, कारण मोटर लेन्समध्येच असते. निकॉनच्या डी३५०० आणि डी५६०० मध्ये बॉडीची मोटर नाही, त्यामुळे जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारी ५० एमएम एफ/१.८डी वगैरे लावली तर फोकस हातानं फिरवावा लागतो. नावात एएफ-एस किंवा एएफ-पी, म्हणजे लेन्समध्येच मोटर, असं लिहिलेलं बघूनच घ्या. डी७२०० आणि डी७५०० मध्ये मोटर आहे, तिथं त्या डीवाल्या लेन्सा मस्त चालतात.

आणि पक्षी. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर दोन्ही २०२२ मध्ये रामसर यादीत आले, इंदोरच्या माणसाला घराजवळ असं दुसरीकडे क्वचितच मिळेल. यशवंत सागरला सारस, सिरपूरला जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी, हिवाळ्यात बदकं. इथं मात्र बॉडी खरोखर महत्त्वाची होते. खंड्या पाण्यावरच्या काडीवर बसलेला असतो, सूर मारायच्या आधी मान खाली घालून पाण्यात बघतो, तेव्हाच बटण दाबून धरायचं. १५००डीच्या तीनच्या वेगात एका फोटोत तो काडीवर, पुढच्यात पाण्यात, मधलं सगळं गेलं. शिवाय समोर गवताची एक पात हलली की फोकस तिच्यावर जाऊन बसतो. जुना डी७२०० घ्या, ५१ पॉइंट त्यातले १५ क्रॉस, सेकंदाला सहा, दोन कार्ड. डी७५०० मिळाला तर आठ, पण कार्ड एकच आणि २०.९ मेगापिक्सेल. कॅननवाल्यांना ८०डी, ४५ पॉइंट सगळेच क्रॉस, सेकंदाला सात, आणि स्क्रीनवरचं फोकसही उत्तम. फोटो आणि व्हिडिओ दोन्ही हवं असलेल्याला मी जुन्यात ८०डीच सांगतो, नुसते पक्षी असतील तर डी७२००.

लेन्सला सुरुवात कॅननची ५५-२५० एसटीएम नाहीतर निकॉनची एएफ-पी ७०-३००. निकॉनची ती ३००ला ४५०सारखी पोचते, कॅननची २५०ला ४००सारखी. पाणकोंबडीला पुरते, लांबच्या सारसाला कमी पडते. निकॉनची २००-५०० जवळपास सव्वादोन किलोची आहे, डी५६०० सारख्या हलक्या बॉडीला लावली की पुढंच झुकते, मोनोपॉडशिवाय (एका पायाचा स्टँड) हात अर्ध्या तासात बोलायला लागतो. डबल किट (बॉडीसोबत दोन लेन्सा) घेताना निकॉनच्या लेन्सवर व्हीआर आणि कॅननच्या लेन्सवर आयएस, म्हणजे हात हलला तरी फोटो सावरायची सोय, लिहिलंय का हे डब्यावर नाही, लेन्सवर वाचा, विनाव्हीआरच्या त्याच नावाच्या लेन्सा पण मिळतात आणि लांब टोकाला हात हलला की सगळं पाणी.

गेरीचं थोडक्यात. रंग आणि पाणी दोन्ही उडतं, १५००डी, २००डी मार्क टू, डी३५००, डी५६०० ह्यांना पाणी-धूळ अडवणारं कुठलंच सील नाही. ८०डी आणि डी७२००ला आहे, पण किट लेन्सला नाही, म्हणून पावसाळी कव्हर घाला, लेन्स आधीच लावून घ्या आणि तिथं बदलू नका.

जुनं घेताना लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून आत जाळीसारखी बुरशी आहे का बघा, आपल्याकडचा पावसाळा बंद कपाटातल्या लेन्सला फार वाईट, घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. मोकळ्या आभाळाचा एफ/१६ वर फोटो काढा, सेन्सरवरची धूळ लगेच दिसते. निकॉनमध्ये किती वेळा शटर पडलाय हे फोटोच्या माहितीतच असतं, घरी आणून कॉम्प्युटरवर उघडा. डी७२००चा शटर कंपनीनं दीड लाखापर्यंत तपासलेला आहे, पन्नास हजारांच्या आतला मिळाला तर निवांत घ्या. कॅननमध्ये हा आकडा सहज निघत नाही, म्हणून तिथं बटणांच्या आणि रबराच्या झिजेवरून अंदाज घ्या आणि मूळ बिल मागा.

पुढं कधी मिररलेसला जायचं ठरलं तर कॅननच्या ईएफ लेन्सा त्यांच्या अडॅप्टरवर नव्या बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनच्या एएफ-एस आणि एएफ-पी चालतात, पण त्यांच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही, त्यामुळे जुन्या डीवाल्या तिथं हातानंच फिरवाव्या लागतील. दोन-तीन वर्षांत बदलायचा विचार आत्ताच डोक्यात असेल तर डी७२०० घेऊनही डीवाल्या लेन्सांवर जास्त पैसे लावू नका, एक ३५ आणि एक ७०-३०० घ्या, दोन्ही मोटरवाल्या, आणि उरलेल्यात चांगला ट्रायपॉड.