पहिल्या महायुद्धाचा मोठा ॲटलस : काही महिने वापरल्यानंतर

पहिल्या महायुद्धावर वाचताना गावांची नावं पाठ होतात, पण तिथवर माणसं आणि तोफा पोहोचल्या कशा, हे बहुतेक पुस्तकांतून कळत नाही. त्यासाठी गेल्या पावसाळ्यात मोठ्या आकाराचा, पुठ्ठा बांधणीचा एक इंग्रजी ॲटलस घेतला. किंमत भरपूर आहे, म्हणून घ्यावा की नाही या विचारात असलेल्यांसाठी सविस्तर लिहितोय.

याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे रूळ, रस्ते, बंदरं आणि कोळशाच्या खाणी आघाडीच्या रेषेइतक्याच ठसठशीत छापल्या आहेत. इतर ठिकाणी नुसते लाल-निळे बाण असतात. इथे ऑगस्ट १९१४ चं पान उघडलं की आधी डोळ्यांत भरतं ते जर्मन रेल्वेचं जाळं. कोलोनच्या ऱ्हाइनवरच्या पुलावरून त्या दिवसांत साधारण दर दहा मिनिटांना एक लष्करी गाडी पश्चिमेला जात होती. एकदा हे वेळापत्रक सुरू झाल्यावर राजकारण्यांना ते थांबवणं इतकं जड का गेलं, हे त्या पानावर फार चांगलं समजतं.

माझं सर्वांत जास्त वाचून झालेलं पान व्हर्दांचं, म्हणजे फ्रान्सच्या ईशान्येकडच्या किल्ल्यांच्या शहराचं. २१ फेब्रुवारी १९१६ ला जर्मन हल्ला सुरू झाला तेव्हा व्हर्दांला जाणारे मोठे रेल्वेमार्ग तुटलेले किंवा तोफांच्या टप्प्यात होते. उरली एक अरुंद रूळाची छोटी गाडी आणि बार-ल-द्युकहून येणारा, सत्तरेक किलोमीटरचा एक रस्ता. ऐन धामधुमीत त्या रस्त्यावरून सरासरी दर चौदा सेकंदांना एक लॉरी जात होती. बंद पडलेली लॉरी सरळ कडेला ढकलायची, रांग थांबवायची नाही. शेजारच्या खाणीतून दगड फोडून आणायचे, चालत्या चाकांखाली टाकायचे, येणाऱ्या-जाणाऱ्या लॉऱ्यांनीच ते दाबायचे. फ्रेंच सैन्य तिथे तगलं त्याचं मोठं श्रेय या रस्त्याला आहे.

तेच महिने मनात धरून मेसोपोटेमियाचं, म्हणजे आजच्या इराकचं, पान उघडा. टायग्रिस नदीच्या एका वळणात कूत-अल-अमारा हे गाव आहे. बगदादजवळच्या टेसिफोनहून माघार घेतलेली ब्रिटिश जनरल टाउनशेंडची सहावी पूना डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून तिथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. सोडवायला निघालेली फौज शेवटी सन्नैयात इथे, म्हणजे कूतपासून पंचवीसेक किलोमीटरवर, अडली. समुद्राकडच्या बसऱ्या बंदराहून वर रेल्वे नाही, बसऱ्याला पुरेसे धक्के नाहीत, नदीत आगबोटी अपुऱ्या. माणसं बसऱ्याला उतरत होती, पण त्यांना तोफा-दारूगोळ्यासकट वर नेणार कशातून? विमानांतून पिठाची पोती टाकून बघितली, ती वेढलेल्यांच्या पोटाला पुरण्यासारखी नव्हती. २४ एप्रिलच्या रात्री २७० टन रसद घेऊन ‘जुलनार’ बोट निघाली, ती तुर्कांच्या हाती लागली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जण शरण गेले. त्यांना सोडवायच्या प्रयत्नात मेलेले आणि जखमी मिळून सुमारे २३,०००. कैदेतल्या वाटचालीत किती तरी शिपाई मेले.

इतिहासाच्या पुस्तकांत कूतची चर्चा टाउनशेंडच्या स्वभावावर जाते. मला ते पटत नाही, आणि ॲटलस वापरल्यापासून तर मुळीच नाही. इकडे चौदा सेकंदांना लॉरी, तिकडे बोटी नाहीत! एकाच युद्धात, एकाच बाजूच्या देशांकडे. या पानाच्या समासात टेसिफोनच्या जखमींचीही हकीकत आहे. मेजर कार्टर या डॉक्टरने बसऱ्याला ‘मेजिदिये’ बोट येताना पाहिली. बाजूने दोर लोंबताहेत असं त्याला लांबून वाटलं. बोट जवळ आल्यावर कळलं की ती डेकवर दाटीवाटीने पडलेल्या जखमींची विष्ठा होती, कठड्यावरून ओघळून सुकलेली. त्याने अहवाल दिला, तर वरिष्ठांनी त्यालाच अटकेची धमकी दिली. पुढे १९१७ च्या चौकशी आयोगाच्या अहवालाने ते सगळं उघड केलं. पुढे याच मोहिमेसाठी भारतातून रूळ, इंजिनं, बोटी गेल्या आणि मार्च १९१७ मध्ये बगदाद पडलं. म्हणजे हे आधीही करता आलं असतं. साताऱ्याजवळच्या आपशिंगे मिलिटरीसारख्या गावातले ४६ जण या युद्धात कामी आले, त्यामुळे मला या पानाचा राग येतो आणि ते पुन्हा पुन्हा उघडावंसंही वाटतं.

दोस्त राष्ट्रांच्या आपसांतल्या देवाणघेवाणीवरचे नकाशेही उत्तम. फ्रान्सच्या उत्तरेकडच्या खाणी जर्मनांकडे गेल्यावर ब्रिटिश कोळसा फ्रान्सला आणि इटलीला कसा जायचा, १९१८ मध्ये अमेरिकन सैन्य बहुतांशी फ्रेंच तोफांनी कसं लढलं, हे इतकं स्पष्ट मी दुसरीकडे पाहिलं नाही. आणि एवढं असूनही पश्चिम आघाडीवर सगळ्यांचा मेळ घालणारा एक माणूस, म्हणजे फ्रेंच सेनापती फॉश, नेमायला २६ मार्च १९१८ उजाडावं लागलं.

तक्रारी आहेत. मेसोपोटेमियाला एकच जोडपान दिलंय, पूर्व आफ्रिकेला त्याहून कमी. भारतीय पलटणींचे क्रमांक नाहीत, नुसतं ‘सहावी डिव्हिजन’. मराठा पलटणी मला दुसऱ्या पुस्तकांवरून पेन्सिलीने लिहाव्या लागल्या. सूचीत अरबी नावं दोन-दोन तऱ्हांनी आहेत. फ्रान्समधल्या सोमच्या लढाईचा नकाशा बरोबर शिवणीवर आलाय, त्यामुळे १ जुलै १९१६ ला जिथे एका दिवसात १९,२४० ब्रिटिश सैनिक मेले, त्यातला मधला भाग नीट दिसत नाही. माझ्या प्रतीची शिवण तिथेच उसवायला लागली आहे. प्रकाशकाला ईमेल केला, उत्तर आलं नाही.

तरीही घ्या. फक्त ई-आवृत्ती नको. जोडपानं फोनवर अर्धी कापली जातात आणि रूळांच्या बारीक रेषा झूम केल्यावर फुटतात. आणि दुकानात जाऊन घेणार असाल तर सोमचं पान तिथेच पूर्ण उघडून शिवण तपासा.