गोलीच्या पॅडना पट्टे कोणते: चामडं-बकल की इलॅस्टिक-वेल्क्रो?

आइस हॉकीच्या गोलीचे, म्हणजे गोलरक्षकाचे, पायांचे पॅड घेताना माप, उंची, ताठ की मऊ यावर माणूस आठवडाभर डोकं खाजवतो. पट्टे मात्र जे लागून येतील ते. आणि मग बर्फावर उतरल्यावर जी कटकट सुरू होते, ती निम्म्याहून अधिक वेळा पट्ट्यांचीच असते.

आइस हॉकीच्या गोलीपुढे आज ढोबळमानाने दोन वाटा आहेत. एक जुनी: चामड्याचे पट्टे, धातूची बकलं आणि पायाच्या टोकाशी स्केटची साधी लेस. दुसरी नवी: रुंद इलॅस्टिक, वेल्क्रो आणि टोकाशीही इलॅस्टिकचाच टो-टाय, म्हणजे पॅडचं टोक स्केटला बांधणारा बंद. मी दोन्ही वापरलेत. माझा कल कुठे आहे हे पुढे लपणार नाहीच, पण चामड्याची बाजू आधी नीट मांडतो, कारण हल्ली तिला फार घाईने निकालात काढतात.

चामड्याचं मोठं सुख म्हणजे ते रोज तसंच लागतं. तिसऱ्या भोकात बकल घातलं की सामना संपेपर्यंत ते तिसऱ्याच भोकात राहतं. वेल्क्रो प्रत्येक वेळी हाताच्या ओढीवर अवलंबून असतं. घाईत बांधलं तर ढिलं, राग आलेला असेल तर घट्ट. चामडं दगा देतं तेही आधी सांगून. भोकाच्या कडेला बारीक चिरा दिसायला लागतात, पट्टा वाकतो तिथे रंग उडतो, आणि तुम्हाला बदलायला भरपूर वेळ मिळतो. चपला-बॅगा शिवणारा कुठलाही कारागीर तसा पट्टा कापून देऊ शकतो. इलॅस्टिक मात्र गुपचूप सैल पडतं. रोज थोडं थोडं, त्यामुळे लक्षातच येत नाही, आणि मग एक दिवस आपण उगाच आपल्या पायांना दोष देत असतो.

वेल्क्रोची बर्फाशी तर जुनी दुश्मनी. गुडघे टेकून सरकलं की बर्फाचा भुसा उडतो, तो हुकांच्या बाजूत जाऊन बसतो आणि तिथेच गोठतो. मग पट्टा चिकटल्यासारखा दिसतो, पण पकड नसते. त्यात मोज्यांचे धागे अडकतात, बॅगेतला कचरा अडकतो. जुन्या टूथब्रशने अधूनमधून साफ करायची सवय नसेल तर एका मोसमातच वेल्क्रो निम्मं निकामी झालेलं असतं. आणि पट्ट्याचं मोकळं टोक सुटून बर्फावर लोंबायला लागलं की त्याच्यावर आपलंच स्केट पडण्याची भीती वेगळी. बकलाच्या पट्ट्याचं टोक लूपमध्ये खोवलं की प्रश्न मिटतो. हे सगळं मला मान्य आहे, आणि तरीही.

इथे जरा मागे जावं लागेल. १८९६ साली कॅनडातल्या स्टॅनली कप या आइस हॉकी स्पर्धेच्या सामन्यात विनिपेग व्हिक्टोरियाजचा जॉर्ज मेरिट क्रिकेटचे पॅड बांधून गोलात उभा राहिला. तोवर गोली बाकीच्यांसारखेच नडगीपुरत्या संरक्षणावर भागवत. पुढे १९२०च्या दशकात कॅनडातल्याच हॅमिल्टनच्या एमिल ‘पॉप’ केनेस्की यांनी रुंद पॅड शिवायला घेतले, आणि गोलीचा पॅड म्हणून जे डोळ्यांसमोर येतं ते तिथून रुजलं. केनेस्कींचा मूळ धंदा घोड्यांचा साज बनवण्याचा. तेव्हा पॅडला साजासारखेच चामडी पट्टे आणि बकलं लागली यात नवल नाही. त्या काळी ते योग्यच होतं. गोली उभ्याने खेळायचा, पॅडचं तोंड कायम समोर हवं, आणि आत केस भरलेला, पाणी पिऊन जड झालेला पॅड पायावरून हलू नये एवढीच पट्ट्याकडून अपेक्षा.

‘बटरफ्लाय’ या खेळण्याच्या पद्धतीने ही अपेक्षा उलटी केली. ग्लेन हॉल, टोनी एस्पोझिटो आणि मग ऐंशीच्या दशकात पॅट्रिक रॉय या गोलींनी गुडघे टेकून, नडग्या बाहेर फेकून बर्फालगतची जागा बंद करण्याची पद्धत रुजवली. आता पॅडला पायाभोवती फिरावं लागतं. गुडघा खाली जाताना आतल्या बाजूच्या गादीवर टेकतो, पॅड साधारण काटकोनात वळतो, त्याची आतली कड बर्फावर येते आणि तोंड पुन्हा खेळाडूकडे होतं. रुंदीही आता मोजून-मापून मिळते. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये २००५ पासून पॅड ११ इंचांपेक्षा रुंद चालत नाही, आधी १२ चालायचा. त्यामुळे आहेत ते अकरा इंच खरोखर समोर असणं महत्त्वाचं. म्हणजे पट्ट्याने पॅडला फिरू द्यायचं, आणि आपण उठलो की परत जागेवर आणायचं.

फिरू देणं दोघांनाही जमतं. परत आणण्यात फरक पडतो, आणि माझा निर्णय तिथेच झाला.

चामड्याच्या पट्ट्यांत मला छळलं ते एकाच गोष्टीने: उठल्यावर पॅड बाहेरच तोंड करून राहायचा. पहिला फटका अडवला, पक (खेळाची चकती) समोरच पडलाय, मी उभा राहिलोय, आणि डावा पॅड अर्धवट उघड्या दारासारखा बाजूला तोंड करून लटकतोय. अशा वेळी गोली काय करतो ते तुम्ही पाहिलं असेल: काठीने किंवा ब्लॉकरने (काठीच्या हातातल्या चपट्या, रुंद ग्लव्हने) पॅडच्या बाहेरच्या कडेला एक टोला देतो आणि पॅड समोर आणतो. दिसायला ही नुसती सवय वाटते. पण त्या क्षणाला काठी बर्फावरून उचललेली असते, म्हणजे दोन पायांमधली जागा सताड उघडी असते. टोला दिला नाही तर आणखी वाईट. पॅड आधीच वळलेला असताना पुन्हा खाली गेलं की तो गरजेपेक्षा जास्त फिरतो, गुडघा गादीवर न टेकता तिच्या कडेवरून घसरतो आणि थेट बर्फावर आपटतो. ते दुखणं रात्री अंथरुणात आठवण करून देतं.

यावर सगळे सांगतात, पट्टा एक भोक आवळ. आवळला. मग पॅड पायाबरोबर एकजीव झाला आणि फिरेनाच. खाली गेलो की तोंड बर्फाकडे झुकलेलं, वरची कड पुढे कललेली, आणि गुडघ्याला आतून पीळ. एक भोक सैल केलं की फिरतो पण परतत नाही. दोन भोकांमध्ये जेमतेम इंचभर अंतर असतं आणि मला हवं ते माप नेमकं त्या इंचाच्या मध्ये कुठेतरी होतं. मध्ये एक जादा भोक पाडून पाहिलं. थोडा फरक पडला, पण चामडं ओलं झालं की सैलावतं आणि वाळलं की आक्रसतं, त्यामुळे सरावाच्या सुरुवातीचं माप शेवटी राहत नसे.

नीट पाहिलं तर हा दोष भोकांचाही नाही. चामडं ताणलं जात नाही. पॅड फिरताना त्यात काहीच साठत नाही, त्यामुळे उठताना परत ओढणारंही काही नसतं. पॅड परततो तो स्वतःच्या वजनाने आणि पोटरीवरच्या बांधणीने, जमेल तेवढा. जुने पॅड जड होते, त्यांचं वजन तरी मदतीला यायचं. आजचे फोमचे पॅड हलके. ते आहेत तिथेच रेंगाळतात. इलॅस्टिक खाली जाताना ताणलं जातं आणि पाय सरळ होताच तो ताण सुटतो. पॅड आपसूक समोर येतो. हे मी कुठल्या यंत्राने मोजलेलं नाही. मला कळलं ते असं, की इलॅस्टिकवर गेल्यानंतर काही दिवसांनी संघातल्या एकाने विचारलं, ‘अरे, तू हल्ली पॅडला टोले द्यायचा बंद झालास का?’ माझं स्वतःचं लक्षही नव्हतं.

आता या इलॅस्टिकचं काम मुख्यतः एका जागी असतं: गुडघ्याच्या लगेच खाली, पोटरीच्या सर्वांत जाड भागाच्या वर. तो पट्टा नीट बसला की बाकीचे दुय्यम. पोटरीवरचा वेल्क्रोचा पंखा, म्हणजे पोटरीला गुंडाळायची रुंद झडप, अंगाबरोबर असावा, आवळलेला नको. गुडघ्यावरचा पट्टा मी बराच सैल ठेवतो. तो घट्ट केला की गुडघा गादीपर्यंत पोहोचतच नाही. घोट्याजवळचा पट्टा पुष्कळजण काढूनच टाकतात. माझ्या मते सैल का होईना, ठेवावा, पण यावर भांडायला मी येणार नाही.

टोकाच्या बांधणीत सामना जरा बरोबरीचा आहे. लेस स्वस्त, भरवशाची, आणि कुठल्याही स्केटच्या दुकानात मिळते. पकड सरळ असते. पाय ढकलला की पॅड लगेच ऐकतो. उभ्याने खेळणाऱ्याला, छोट्या छोट्या पावलांनी सरकणाऱ्याला ती आवडेल. मात्र लेस फार जवळ बांधली की घोटा अडकतो, पॅड फिरायला कुरकुरतो आणि तो पीळ वर गुडघ्यात, मांडीच्या सांध्यात जातो. म्हणून स्केटचं टोक आणि पॅड यांच्यात मी चारेक बोटांची फट सोडायचो. शिवाय ती गाठ! सराव संपेतो ओली होऊन गोठलेली असते, बोटं बधिर, नखं तुटायची वेळ. बाकीचे कपडे बदलून निघालेले असतात आणि गोली अजून वाकून गाठीशी झटत असतो.

इलॅस्टिकचा टो-टाय हुकाने अडकवला, हुकाने काढला, संपलं. घोट्यालाही तो बराच सुखाचा. पण फार सैल इलॅस्टिक घेतलं तर पाय जोरात ढकलताना स्केट पुढे जातं आणि पॅडचं टोक मागे राहतं. क्षणभरच, पण जाणवतं. म्हणून टोकाला जाड, कमी ताणणारं इलॅस्टिक घ्यावं, गुडघ्याखाली मात्र मऊ चालतं. आणि बॅगेत एक लेस राहू द्यावी. टो-टाय तुटतो तो सामन्यातच तुटतो.

वाढत्या वयाच्या मुलांसाठी फार विचार करू नये, वेल्क्रोच घ्यावं. माप बदलत राहतं, आणि बकलं लावायला दर वेळी मोठं माणूस लागतं. सामन्यात मध्येच पट्टा सारखा करायचा झाला तरी वेल्क्रो एका हाताने होतं. बकलासाठी ग्लव्ह आणि ब्लॉकर दोन्ही उतरवावे लागतात.

चामड्यावर राहावं असं मी कोणाला सांगेन? ज्यांचा खेळ अजून बराचसा उभ्याने आहे, जे गुडघे टेकतात तेही एकेकच, आणि ज्यांना पॅड पायाला चिकटून असल्याचा तो भक्कमपणा हवासा वाटतो, त्यांनी. त्यांना माझी कटकट भेटणारही नाही. तसंच ज्यांचे पॅड जुने, जड पण धडधाकट आहेत, त्यांनी पट्ट्यांसाठी नवे पॅड घेण्याची गरज नाही. गुडघ्याखालचा एक पट्टा तेवढा इलॅस्टिकचा करून घ्यावा. बहुतेक पॅडना त्या जागी कडी किंवा चामडी पट्टी असतेच, त्यात तो ओवता येतो. बाकी सगळं चामडं तसंच राहू द्या.

ठरत नसेल तर दुकानात एवढं करा. गालिच्यावर किंवा रबरी चटईवर, स्केटना गार्ड लावून, दोन्ही पॅड बांधून गुडघ्यांवर बसा आणि एकदम उभे राहा. हात पॅडला लावायचा नाही. खाली बघा. दोन्ही तोंडं समोर आहेत का? आता घाईत चार-पाच वेळा खाली-वर करा, एकेका पायावरही करा, आणि पुन्हा बघा. पहिल्या वेळी जवळजवळ सगळेच पॅड परततात. शेवटच्या उठण्यानंतर जो बाजूला बघतोय, तो बर्फावरही बाजूलाच बघणार आहे, मग त्याला बकल असो की वेल्क्रो.