शेफील्डहून बसने: चॅट्सवर्थ की लाँगशॉ?

शेफील्डमध्ये गाडी नसली तरी रविवारची भटकंती अडत नाही. २१८ नंबरची बस चॅट्सवर्थला नेते. २७२ ने फॉक्स हाउसला उतरलात की लाँगशॉ अगदी जवळ.

चॅट्सवर्थ म्हणजे एका जुन्या वाड्याभोवतीची मोकळी हिरवळ, हरणं, मेंढ्या आणि मधून वाहणारी डर्वेंट नदी. सगळं आपोआप घडल्यासारखं वाटतं, पण १७६० च्या दशकात केपेबिलिटी ब्राउन या बागरचनाकाराने ते आखून घडवलंय. पार्कात फिरायला तिकीट नाही. वाडा आणि बागेला आहे. आई-बाबा भारतातून आले असतील तर नदीकाठची ही सोपी वाटच बरी.

मला मात्र लाँगशॉ जास्त भावतं. ही ड्यूक ऑफ रटलंडची शिकारीची जमीन. विकायला निघाली तेव्हा निसर्गरक्षणासाठी झटणाऱ्या एथेल हेथॉर्नथवेट यांच्या पुढाकाराने लोकांनी वर्गणी काढून ती वाचवली. १९३१ मध्ये ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आली. खाली पॅडली गॉर्ज या अरुंद दरीत शेवाळाने मढलेले वाकडेतिकडे ओक, खळाळता बर्बेज ओढा, आणि आसपास कुठे कुठे घडवून तसेच टाकून दिलेले जात्याचे अवजड दगड. पावसानंतर मुळं फार निसरडी होतात, चांगल्या पकडीचे बूट हवेतच. ग्रिंडलफर्ड स्टेशनपर्यंत उतरलात तर परतीला रेल्वेही मिळते.