नागपुरातून अंदमान : एका पर्यटन कार्यालयाच्या सेवेचे परीक्षण

जूनच्या पहिल्या आठवड्यात अंदमानला जाण्याची चौकशी करणाऱ्या कुटुंबाला “आता जाऊ नका, डिसेंबर उजाडू द्या” असे सांगून परत पाठवणारे एक पर्यटन कार्यालय नागपुरात आहे, ही गोष्ट या परीक्षणात सर्वांत आधी नोंदवली पाहिजे. पश्चिम नागपुरातले हे कार्यालय लहान आहे. तिथे दोन टेबले आहेत, भिंतीवर बंगालच्या उपसागराचा मोठा नकाशा आहे आणि ग्राहकांशी संचालिका स्वतः बोलतात. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात. त्यामुळे लांबचा प्रवास मे-जूनमध्येच उरकून घ्यावा असे नागपूरकर पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. नेमका हाच काळ अंदमानसाठी सर्वांत गैरसोयीचा असतो. नैऋत्य मोसमी पाऊस नागपुरात जूनच्या मध्याला येतो, परंतु अंदमानात तो मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारासच पोहोचलेला असतो, आणि तेथे वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर, म्हणजे नागपूरच्या अडीच पटींहून अधिक, पाऊस पडतो. समुद्र खवळलेला असताना बोटी रद्द होतात, पाणी गढूळ होते आणि ज्या प्रवाळांसाठी आपण एवढा खर्च करतो ती दिसतच नाहीत. दिवाळीच्या सुट्टीलाही संचालिकाबाईंनी फारसा उत्साह दाखवला नाही, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा हंगाम असतो. हातात आलेले गिऱ्हाईक असे परत पाठवणे व्यवसायात सोपे नसते.

आम्ही डिसेंबरच्या पूर्वार्धातील आठवडाभराची सहल घेतली. नाताळच्या सुट्टीत विमानभाडे आणि खोल्यांचे दर एकदम चढतात, म्हणून त्या आधीचा काळ निवडावा, हा सल्लाही कार्यालयाचाच होता. नागपूरहून अंदमानला थेट विमान नसल्यामुळे कोलकाता किंवा चेन्नई अशा ठिकाणी विमान बदलावे लागते. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घेण्याचा आग्रह येथे धरला जातो आणि तो योग्य आहे. तिकिटे वेगवेगळी असतील आणि हिवाळ्यातील धुक्यामुळे पहिले विमान रखडले, तर दुसऱ्याचे पैसे बुडतात आणि पुढच्या बोटीचेही बुडतात. बेटांच्या सहलीत एक दुवा निसटला की पुढचे सगळे दुवे निसटत जातात. म्हणूनच अशा सहलीत आपण पैसे मोजतो ते हॉटेलच्या तारांकांपेक्षा दिवसांच्या क्रमासाठी, असे माझे मत आहे आणि या सेवेचे मोल मी त्याच कसोटीवर ठरवतो.

त्या कसोटीवर कार्यालयाने आखलेला क्रम जवळजवळ निर्दोष होता. आता श्री विजयपुरम असे नाव मिळालेल्या पोर्ट ब्लेअरमध्ये पहिला मुक्काम, मग पूर्वी हॅवलॉक म्हणून ओळखले जाणारे स्वराज द्वीप, तेथून पूर्वीचे नील म्हणजे शहीद द्वीप, आणि परतीच्या विमानापूर्वीची पूर्ण एक रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअरमध्ये. शेवटच्या रात्रीची ही तरतूद अनेक स्वस्त पॅकेजांत नसते. सकाळी शहीद द्वीपावरून बोट आणि दुपारी विमान, असे त्यात बेधडक छापलेले असते. हवामानामुळे ती एक बोट रद्द झाली तर काय होईल, हे त्या कागदावर कोठेही लिहिलेले नसते.

स्कूबा डायव्हिंग सहलीच्या सुरुवातीच्या भागात ठेवण्यामागेही असाच विचार होता. खोल पाण्यात संकुचित हवा श्वासात घेतल्यावर शरीरात जादा नायट्रोजन विरघळतो आणि तो बाहेर पडण्याआधी विमानाच्या कमी दाबात गेल्यास त्याचे बुडबुडे तयार होण्याचा धोका असतो. त्यामुळे डायव्हिंग आणि विमानप्रवास यांत साधारणपणे 18 ते 24 तासांचे अंतर राखण्यास सांगितले जाते. हे कारण आमच्या मुलांना कार्यालयातच समजावून सांगण्यात आले. दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय डायव्हिंगचे पैसे भरू नयेत, असेही स्पष्ट सांगितले गेले.

शहीद द्वीपाचा दिवस भरती-ओहोटीचे वेळापत्रक समोर ठेवून आखला होता आणि या सेवेतील मला सर्वाधिक आवडलेला भाग हाच. लक्ष्मणपूर किनाऱ्याजवळची नैसर्गिक खडकाची कमान ओहोटीतच नीट पाहता येते, कारण तिच्याकडे जाणारी वाट उघड्या पडलेल्या खडकांवरून आणि डबक्यांमधून जाते. उलट भरतपूर किनाऱ्यावर तळाला काच असलेल्या नौकेतून प्रवाळ पाहायचे असतील तर पुरेसे पाणी लागते. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी करायच्या म्हणजे आधी काय आणि नंतर काय, हे चंद्रावर अवलंबून असते. भरती-ओहोटीची वेळ दररोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे मागच्या आठवड्यात गेलेल्या शेजाऱ्यांचे वेळापत्रक आपल्या उपयोगाचे नसते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे भान उपजत नसते. ते कोणीतरी द्यावे लागते, आणि येथे ते दिले गेले. खडकांवर चालताना घट्ट बसणारी रबरी चप्पल किंवा पाण्यातले बूट हवेत, ही सूचनाही व्हाउचरसोबतच्या कागदावर होती.

एवढी काटेकोर आखणी करणाऱ्या कार्यालयाकडून सूर्यास्ताबाबत मात्र ढोबळ चूक झाली. छापील कार्यक्रमात राधानगर किनाऱ्यावरील सूर्यास्त “सायंकाळी 6 वाजता” असा दिला होता आणि गाडीही त्याच हिशेबाने सव्वापाचला बोलावली होती. अंदमान नागपूरच्या सुमारे साडेतेरा रेखांश पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच आहे; परिणामी तेथील माध्यान्ह नागपूरपेक्षा सुमारे 55 मिनिटे आधी होते आणि डिसेंबरात सूर्य पाचच्या आसपास मावळतो. हॉटेलच्या व्यवस्थापकांनी सकाळीच सावध केले म्हणून आम्ही गाडी साडेतीनला मागवली. 2020 मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ व सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालेला हा किनारा पाहण्यासाठीच अनेक जण स्वराज द्वीपावर येतात. तेथे अंधारात पोहोचणे ही किरकोळ गैरसोय नव्हे. मुख्य भूमीच्या हिशेबाने ठरवलेली वेळ कागदावर छापली गेली असावी, असा माझा तर्क आहे. परत आल्यावर हे कळवले तेव्हा चूक मान्य करण्यात आली, परंतु वाचकांनी कोणत्याही कार्यालयाचा कार्यक्रम हाती आला की त्यातल्या वेळा आपल्या तारखेच्या सूर्योदय-सूर्यास्ताशी ताडून पाहाव्यात. पहाट तेथे सहापूर्वीच झालेली असते, त्यामुळे दिवस लवकर सुरू करणे हाच तेथला शहाणा रिवाज आहे.

बोटींचे आरक्षण कार्यालयाने खाजगी वेगवान बोटींचे केले होते. पोर्ट ब्लेअर ते स्वराज द्वीप हे अंतर या बोटी साधारण दीड तासात कापतात. सरकारी फेरीला अडीच तासांच्या आसपास लागतात, ती पुष्कळ स्वस्त असते, परंतु तिच्यात बेटवासीयांना प्राधान्य असल्यामुळे पर्यटकाला जागेची खात्री देता येत नाही. आणि तसे असणेच न्याय्य आहे, कारण आपल्यासाठी जी सहल आहे ती त्यांच्यासाठी दवाखान्याची आणि बाजाराची वाट आहे. खाजगी बोटी बहुधा वातानुकूलित आणि बंदिस्त असतात. ज्यांना बोट लागते त्यांना त्यात अधिक त्रास होऊ शकतो. अशा व्यक्तींसाठी खालच्या मजल्यावरील मधल्या भागातील जागा घ्यावी, कारण तेथे हेलकावे कमी जाणवतात. आम्ही वाढीव दर भरून घेतलेल्या वरच्या वर्गाच्या जागा मात्र वरच्या मजल्यावर निघाल्या, आणि सोबतच्या ज्येष्ठांना त्याचा त्रास झाला. जास्त पैसे म्हणजे जास्त सोय, हे समीकरण बोटीत उलटे ठरू शकते, हे कार्यालयाने आरक्षण करतानाच सांगायला हवे होते.

बाराटांगच्या बाबतीत कार्यालयाची भूमिका मला विशेष आदरणीय वाटली. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी असलेल्या या ठिकाणी रस्त्याने जायचे तर जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जावे लागते. जिरकाटांगच्या नाक्यावरून ठरावीक वेळी वाहनांचा ताफा सुटतो. वाटेत थांबणे, छायाचित्रे काढणे आणि जारवांना खाद्यपदार्थ देणे यांना कायद्याने बंदी आहे. काही पर्यटन कंपन्यांच्या जाहिराती या प्रवासाचा आदिवासी-दर्शन म्हणून आडून उल्लेख करतात. येथे मात्र ही सफर कार्यक्रमातच नव्हती. विचारणा केल्यावर पहाटे तीन-चारला निघावे लागेल, गुहेपर्यंत उन्हात पायी चालावे लागेल आणि माणसे पाहण्याच्या हेतूने जाणार असाल तर आम्ही आरक्षण करून देणार नाही, असे उत्तर मिळाले. आम्ही तो दिवस सेल्युलर जेलला अधिक वेळ देण्यासाठी वापरला. 1906 मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात बाजूंपैकी आज तीनच उभ्या आहेत, आणि बहुतेक पॅकेजांत त्याला जेमतेम तासभर दिलेला असतो. सावरकरांची कोठडी पाहून लगेच गाडीत बसणाऱ्या मराठी पर्यटकांनी तेथील संग्रहालयातली इतर राजबंद्यांची नावेही थोडा वेळ वाचावीत, एवढे येथे सुचवावेसे वाटते.

प्रस्थानापूर्वी दिलेली माहितीपुस्तिका उपयुक्त असली तरी असमान आहे. कपडे, टोप्या आणि चष्म्यांवर तिने दोन पाने खर्च केली आहेत आणि वाळूमाश्यांचा उल्लेख एका ओळीत संपवला आहे. हे बारीक कीटक ओलसर वाळूत, विशेषतः पहाटे आणि संध्याकाळी, पायांना चावतात आणि त्यांच्या चाव्याची खाज आठवडाभर जात नाही. उघड्या वाळूवर न बसता जाड चादर अंथरणे आणि पायांना कीटकरोधक किंवा निदान खोबरेल तेल लावणे हा साधा उपाय आहे. खाऱ्या पाण्यातील मगरींविषयी तर पुस्तिका गप्प आहे. अंदमानच्या खाड्यांमध्ये आणि खारफुटीत त्या आढळतात, काही किनाऱ्यांवर इशाऱ्याच्या पाट्या आहेत, आणि पोहण्यासाठी निश्चित केलेल्या, जीवरक्षक असलेल्या भागातच पाण्यात उतरावे, ही सूचना ठळक अक्षरांत हवी होती. शंख-शिंपल्यांबाबतची सूचना मात्र चोख आहे: प्रवाळ, मग ते मेलेले आणि किनाऱ्यावर पडलेले का असेना, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित आहे आणि ते सामानात सापडल्यास विमानतळावर अडचणीत येण्याची वेळ येते.

पैशांविषयी कार्यालयाने दिलेला सल्ला व्यवहारी होता. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट 2020 मध्ये कार्यान्वित झाल्यापासून पोर्ट ब्लेअर आणि स्वराज द्वीपावर इंटरनेट पूर्वीपेक्षा बरेच सुधारले आहे, तरीही लहान बेटांवर ते मध्येच बंद पडते आणि मोबाइलवरून पैसे देण्याचा व्यवहार अडकतो. पोर्ट ब्लेअरमध्येच पुरेशी रोख रक्कम काढून ठेवावी. शहीद द्वीपावर एटीएमच्या भरवशावर राहू नये. नेहमीची औषधेही नागपुरातूनच न्यावीत.

जेवणाबाबत नागपूरकरांनी अपेक्षा थोड्या बदलून जावे. बेटांवर बंगाली आणि तमिळ वस्ती मोठी आहे आणि मासळी उत्तम मिळते. शाकाहारी थाळी सर्वत्र मिळते, परंतु चव बेताची असते, आणि तर्रीशिवाय पोहे म्हणजे काय हे सात सकाळी ओळीने अनुभवण्याची तयारी ठेवावी.

किमतीचा विचार करता, हॉटेल, बोटी आणि गाड्या आम्ही स्वतः आरक्षित केल्या असत्या तर एकूण खर्च सुमारे दहा ते बारा टक्के कमी झाला असता, असा माझा हिशेब आहे. सोबत ज्येष्ठ किंवा लहान मुले असतील आणि समुद्राची सवय नसेल, तर हा फरक मला रास्त वाटतो. दोघेच तरुण असतील, हाताशी वेळ असेल आणि बोटींची वेळापत्रके वाचण्याचा कंटाळा नसेल, तर त्यांनी कार्यालयात बसून फक्त महिना आणि बेटांचा क्रम विचारून घ्यावा. अशा सल्ल्यासाठी येथे वेगळे, माफक शुल्क आकारले जाते आणि पुढे पॅकेज घेण्याचा आग्रह होत नाही.

परताव्याच्या अटी मात्र कार्यालयाने लेखी द्यायला हव्यात. वाऱ्यामुळे आमची स्वराज द्वीपावरील एलिफंट बीचची स्नॉर्केलिंगची फेरी रद्द झाली. त्याचे पैसे परत मिळतील असे तोंडी सांगितले होते, परंतु अंदमानातील स्थानिक प्रतिनिधी आणि नागपूरचे कार्यालय यांच्यात जबाबदारी ढकलण्यात काही आठवडे गेले आणि अनेकदा आठवण केल्यानंतर रक्कम खात्यात जमा झाली. हवामानामुळे बोट, फेरी किंवा जलक्रीडा रद्द झाल्यास पैसे कोण परत करणार आणि किती दिवसांत, हे दुसरा हप्ता भरण्याआधी पावतीवर लिहून घ्यावे. आम्ही मागितल्यावर संचालिकाबाईंनी आमच्या नातेवाइकांच्या फेब्रुवारीतील आरक्षणाच्या पावतीवर ते लिहूनही दिले.