चूक झाली की स्टेडियम कसे बोलते : नाशिकहून पाहिलेला एमएलबी टीव्ही

क्रिकेटमध्ये सुटलेला झेल धावफलकावर कुठेच दिसत नाही. बेसबॉलमध्ये मात्र धावा आणि हिट (फटका मारून फलंदाजाने पहिला थांबा, म्हणजे बेस, गाठणे) यांच्या शेजारी चुकांचा स्वतंत्र रकाना असतो, त्यामुळे क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू निसटला की तिथला प्रेक्षक नुसता हळहळून थांबत नाही, तर अधिकृत गुणलेखक ती चूक धरतो की फलंदाजाला हिट देतो, याकडेही डोळे लावून बसतो. हा सगळा अनुभव घरबसल्या घ्यायचा असेल, तर मेजर लीग बेसबॉल (एमएलबी) या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेची अधिकृत सशुल्क सेवा, म्हणजे एमएलबी टीव्ही, पैसे वसूल करून देते, असे माझे स्पष्ट मत आहे.

या सेवेत सामना घरच्या संघाच्या वाहिनीवरून पाहायचा की पाहुण्यांच्या, हे आपण ठरवू शकतो. शिवाय चित्र तेच ठेवून त्यावर रेडिओचे समालोचन लावता येते. मी नेहमी रेडिओच लावतो, कारण रेडिओवरचा समालोचक अधूनमधून थांबतो आणि त्या मोकळ्या जागेत प्रेक्षकांचा आवाज ऐकू येतो. घरच्या खेळाडूची चूक झाली की आधी हजारो लोकांचा श्वास अडकल्यासारखा आवाज येतो, मग खालच्या सुरातला नाराजीचा हुंकार आणि सामना अटीतटीचा असेल तर हुर्यो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण २०२४ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाच्या शेवटी होणाऱ्या विजेतेपदाच्या मालिकेचा, पाचवा सामना. न्यूयॉर्कमध्ये ३० ऑक्टोबरची रात्र होती आणि आपल्याकडे नरक चतुर्दशीची पहाट. गंगापूर रोडवर फटाके वाजत होते, घरात उटण्याचा वास होता आणि न्यूयॉर्कचा संघ यँकीज लॉस एंजेलिसच्या डॉजर्सविरुद्ध ५-० ने पुढे होता. पाचव्या इनिंगमध्ये (डावात) सेंटर फिल्डर, म्हणजे मागच्या मैदानात मधोमध उभा राहणारा, ॲरन जजने सोपा झेल सोडला, त्यानंतर शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) अँथनी वोल्पीची तिसऱ्या बेसकडची फेक चुकली आणि पुढे पिचर (चेंडू टाकणारा) गेरिट कोल पहिला बेस सांभाळायला धावलाच नाही. डॉजर्सने त्याच इनिंगमध्ये ५ धावा करून बरोबरी साधली आणि अखेरीस ७-६ असा सामना जिंकून मालिकाही खिशात घातली. यँकीजच्या हातातोंडाशी आलेला घास गेला. यातली कोलची गफलत चुकांच्या रकान्यात गेलीच नाही, कारण नियमानुसार निर्णयातली चूक ही क्षेत्ररक्षणाची चूक धरली जात नाही. प्रेक्षकांना मात्र सर्वांत जास्त तीच बोचली असावी, कारण झेल कोणाच्याही हातून सुटतो, पण न धावणे डोळ्यांना सलते.

आपल्या अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामन्यात स्लिपमध्ये झेल सुटला की कट्ट्यावरचे लोक 'अरे, काय हे!' म्हणतात आणि पुढच्या चेंडूपर्यंत ते विसरलेलेही असतात. बेसबॉलचा प्रेक्षक सहसा विसरत नाही. १९८६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बोस्टनचा क्षेत्ररक्षक बिल बकनर याच्या पायांमधून चेंडू गेला. बोस्टनच्या मैदानावर २००८ मध्ये सामन्याआधीचा मानाचा पहिला चेंडू टाकायला तो आला तेव्हा लोकांनी उभे राहून त्याचे स्वागत केले, पण तोवर २२ वर्षे उलटली होती.

वेळेचे गणित आधी पाहून घ्यावे. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे संध्याकाळचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होतात, तर लॉस एंजेलिसचे सकाळी साडेसातनंतर, म्हणजे मिसळीच्या वेळेला. पहाटे उठणे जमत नसेल तर संपलेला सामना रात्री निवांत पाहता येतो; तेवढा वेळ निकाल कानावर पडू देऊ नये. मराठी किंवा हिंदी समालोचन नाही, त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांना सोबत बसवले तर नियम आपल्यालाच सांगावे लागतात. वर्षभराची वर्गणी जड वाटत असेल तर महिन्याचीही सोय आहे, आणि एकच महिना घ्यायचा असेल तर ऑक्टोबर घ्यावा.