आठ महिने बिअरला गुण दिल्यानंतर: साधी सरासरी आम्ही का सोडली

रत्नागिरीपासून मालवणपर्यंत पसरलेला आमचा २२ जणांचा गट. गेल्या दिवाळीत ठरलं की जी बिअर प्यायची तिला ५ पैकी गुण द्यायचे आणि ते एका शीटमध्ये भरायचे. सोबत गुण देण्याचं एक अ‍ॅपही वापरलं. बिअर शॉपीत उभं राहून नुसते तारे बघून पैसे घालवणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून हा अनुभव लिहितोय.

पहिले दोन महिने यादीत सगळ्यात वर होती पुण्याहून आणलेली एक स्टाउट, म्हणजे काळपट रंगाची बिअर. ती प्यायलेले दोघेच आणि दोघांनीही पूर्ण ५ दिलेले. तिच्याखाली २० जणांनी मिळून ४.१ सरासरी दिलेली व्हीट बिअर, म्हणजे गव्हाची. मला हे पटेना. दोघांच्या खुशीपुढे वीस जणांचं मत मागे कसं पडतं?

त्यावर बेयेशियन सरासरी हा उपाय सापडला. नाव जड आहे, हिशेब सोपा. प्रत्येक बिअरच्या खात्यात आधीच काही मतं जमा धरायची, तीही पूर्ण यादीच्या सरासरीएवढी. आमची सरासरी ३.४ होती, आम्ही अशी पाच मतं धरली. स्टाउटचे १० आणि या पाच मतांचे १७ मिळून २७, भागिले ७, म्हणजे ३.८६. व्हीट बिअरचे ८२ आणि १७ मिळून ९९, भागिले २५, म्हणजे ३.९६. क्रम फिरला. खरी मतं वाढत जातात तसा त्या पाच मतांचा प्रभाव आपोआप विरतो. १९९६ मध्ये सुरू झालेलं बिअरअ‍ॅडव्होकेट आणि २००० मधलं रेटबिअर या बिअरला गुण देण्याच्या संकेतस्थळांनीही अशाच जातीचं सूत्र वापरलं. रेटबिअर २०२५ मध्ये बंद झालं, त्यामुळे आपल्या नोंदींची प्रत आपल्याकडे असलेली बरी.

सूत्राने सगळं सुटलं नाही. आमच्यात एकाचा हात इतका सैल की ४ च्या खाली उतरतच नाही. दुसऱ्याचा ३.५ म्हणजे शाबासकी. म्हणून आता प्रत्येकाचा गुण त्याच्याच नेहमीच्या सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली, ते बघतो. हा बदल मला सगळ्यात न्याय्य वाटला. अ‍ॅपवर मला खटकलं ते हे की गुण देण्याआधीच इतरांची सरासरी डोळ्यांसमोर येते, मग हात तिकडेच वळतो. आम्ही बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून ओततो, आकडे कागदावर लिहितो, आणि सगळ्यांचं लिहून झाल्यावरच कागद उघडतो. तळलेली सुरमई त्यानंतर. आधी खाल्ली तर तिखटामुळे तिसऱ्या पेल्यानंतर जिभेला काही कळत नाही.

प्रकाराचा प्रश्न वेगळाच. जगभरच्या याद्यांत कडक, दाट इम्पीरियल स्टाउट वर असतात आणि हलकी लागर खाली. पण मे महिन्यात, घामाने अंग चिकट झालेलं असताना, मला लागरच हवी असते. दोघींना एकाच रांगेत उभं करणं चूक आहे. आता लागरची तुलना लागरशीच करतो.

सगळ्यात उशिरा लक्षात आलं ते आपल्याकडच्या उन्हाचं. एका हिरव्या बाटलीतल्या लागरला आमच्यातल्या तिघांनी मिळून २.२ सरासरी दिली होती. बाटल्या दुकानाच्या काचेपाशी उन्हात ठेवलेल्या. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं; त्यांच्यातल्या कडू घटकांवर उजेड पडला की गंधकाचं एक उग्र वासाचं संयुग तयार होतं. तपकिरी काच ते बरंच अडवते, हिरवी आणि पारदर्शक कमी. शिवाय उकाड्यात बिअर लवकर शिळी होते. तीच लागर नव्या भरणीची, थेट फ्रिजमधून घेतली, तेव्हा त्याच तिघांनी ३.६ दिले. म्हणजे आम्ही बिअरला नव्हे, तिच्या साठवणीला गुण दिले होते.

म्हणून शीटमध्ये भरणीची तारीख आणि बाटलीचा रंग असे दोन रकाने वाढवलेत. ते जुने तीन गुण खोडले नाहीत, फक्त पुढे ‘उन्हातली’ असं लिहून हिशेबाबाहेर ठेवलेत.