बायपासनंतरचे सात दिवस : एका हृदयरोग कक्षातील शुश्रूषेचा अनुभव

माझ्या 67 वर्षांच्या वडिलांची बायपास शस्त्रक्रिया पुण्यातील एका मोठ्या खासगी रुग्णालयात झाली. शस्त्रक्रियेविषयी तक्रारीला जागाच नाही. हा अभिप्राय त्यानंतरच्या शुश्रूषेविषयी आहे, कारण रुग्णालय निवडताना आपण सर्जनची दहा ठिकाणी चौकशी करतो, पण रात्री एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात हे विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

अतिदक्षता विभागातील दोन दिवस निर्धास्त गेले. वॉर्डात आल्यावर खरी कसोटी लागली. बायपासमध्ये छातीचे मधले हाड कापून पुन्हा तारेने जोडतात. ते सांधायला सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात आणि सुरुवातीला प्रत्येक खोकल्याला कळ येते. दुखते म्हणून रुग्ण खोकणे टाळतो, खोल श्वास घेत नाही, आणि मग कफ साठून न्यूमोनियाचा धोका वाढतो. सकाळपाळीच्या सिस्टरांनी हे फार समजून सांभाळले. त्या आधी वेदनाशामक गोळी देत, तिचा गुण येईपर्यंत थांबत, मग तीन चेंडूंचे स्पायरोमीटर, म्हणजे खोल श्वास ओढून चेंडू वर उचलायचे व्यायामाचे साधन, बाबांच्या हाती देत, आणि टॉवेलची घट्ट गुंडाळी छातीशी धरायला लावून म्हणत, ‘‘काका, हिला घट्ट धरा आणि आता खोका. मी इथेच आहे.’’ तिसऱ्या दिवशी दुसरा चेंडू वर गेला, तेव्हा बाबांनी शेजारच्या खाटेवरील गृहस्थांना हाक मारून तो दाखवला.

रात्री मात्र चित्र पालटत असे. दहाची गोळी साडेबाराला आली, कारण पाळी बदलताना ती सांगायची राहिली होती. त्याच रात्री मदतीला आलेल्या वॉर्डबॉय मामांनी बाबांना काखेत हात घालून वर ओढले आणि बाबा कळवळले. अशा रुग्णाला कुशीवर वळवून, पाय खाटेखाली सोडून, पाठीला आधार देत बसवायचे असते. मी मामांना दोष देत नाही. त्यांना ते कोणी शिकवलेच नव्हते. पाळी बदलताना दोन्ही सिस्टरांनी खाटेपाशी उभे राहून, रुग्णासमोर माहिती दिली-घेतली, तर अशा बऱ्याच चुका टळतील.

घरी सोडताना इंग्रजी कागद हाती ठेवून दहा मिनिटांत सगळे उरकले. रोज सकाळी वजन करावे, एका दिवसात किलोभर वाढले तर अंगात पाणी साठत असल्याची शंका घेऊन कळवावे, छातीची किंवा बायपाससाठी रक्तवाहिनी काढलेल्या पायाची जखम लाल झाली, पाझरू लागली तर थांबू नये, हे सारे मराठीत सांगून नातेवाइकांकडून वदवून घ्यायला हवे होते.

मेट्रनबाईंनी माझे म्हणणे बसून, शांतपणे ऐकून घेतले. बाबा पुढच्या तपासणीला गेले तेव्हा त्यांच्या जुन्या खाटेच्या उशाशी ‘हाताला धरून ओढू नये’ अशी मराठी पाटी लागलेली होती. ती वॉर्डातील प्रत्येक खाटेला हवी.